क्लेमंट ॲटली : ब्रिटनमधील युद्धोत्तर मजूर सरकारचे शिल्पकार

भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा ब्रिटिश संसदेने मंजूर केला, त्या वेळचे ब्रिटनचे पंतप्रधान म्हणून क्लेमंट ॲटली यांचे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. मात्र हेच ॲटली सायमन आयोगाचे सदस्य म्हणून ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबईत उतरले, तेव्हा शहरात हरताळ पाळून आणि काळी निशाणे दाखवून आयोगाचा निषेध करण्यात आला होता, याची आठवण फारशी कुणाला राहिलेली नाही. या दोन घटनांमध्ये जेमतेम एकोणीस वर्षांचे अंतर आहे. या काळात ॲटली यांच्या विचारांत आणि ब्रिटनच्या राजकारणात जे परिवर्तन घडले, त्याचा भारताच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे.

ॲटली यांचा जन्म ३ जानेवारी १८८३ रोजी लंडनच्या पटनी भागात एका सुखवस्तू वकिलाच्या घरी झाला. आठ भावंडांमध्ये ते सातवे. त्यांचे शालेय शिक्षण हेलीबरी येथे झाले. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलकी अधिकाऱ्यांना जेथे प्रशिक्षण देत असे, त्याच जागेवर ही शाळा उभी होती. साम्राज्याचा अभिमान तेथील वातावरणातच होता. ऑक्सफर्ड विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेतल्यावर त्यांनी वकिलीची सनद मिळवली.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते पूर्व लंडनमधील स्टेपनी येथे. गोदी कामगारांच्या या वस्तीत हेलीबरी शाळेच्या वतीने गरीब मुलांसाठी एक मंडळ चालवले जात असे. १९०५ मध्ये ॲटली तेथे प्रथम गेले आणि पुढे तेथेच राहू लागले. रोजंदारीवर जगणारी कुटुंबे, कोंदट घरे आणि अर्धपोटी मुले त्यांनी जवळून पाहिली. दानधर्माने हे दारिद्र्य हटणार नाही, त्यासाठी शासनानेच जबाबदारी घेतली पाहिजे, असे त्यांचे मत झाले आणि १९०८ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षात दाखल झाले.

पहिल्या महायुद्धात त्यांनी गॅलिपोली, मेसोपोटेमिया आणि फ्रान्स या आघाड्यांवर काम केले. मेसोपोटेमियात ते जखमी झाले, तेव्हा उपचारांसाठी त्यांना प्रथम भारतात आणि नंतर मायदेशी पाठवण्यात आले. युद्धानंतर १९१९ मध्ये ते स्टेपनीचे महापौर झाले आणि १९२२ मध्ये लाइमहाऊस मतदारसंघातून संसदेवर निवडून आले.

भारताच्या राज्यकारभाराची पाहणी करण्यासाठी १९२७ मध्ये सात सदस्यांचा सायमन आयोग नेमण्यात आला. त्यात एकही भारतीय नव्हता. मजूर पक्षाच्या दोन सदस्यांपैकी ॲटली एक होते. काँग्रेससह अनेक पक्षांनी आयोगावर बहिष्कार घातला. दलित समाजाची बाजू मांडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मात्र २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुणे येथे आयोगापुढे साक्ष दिली. या दौऱ्यांमुळे ॲटली यांना भारतातील प्रांत, जाती-जमाती आणि संस्थाने यांची प्रत्यक्ष माहिती झाली. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मात्र भारतीय जनतेचे समाधान झाले नाही.

१९३१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाचा दारुण पराभव झाला. ॲटली अवघ्या ५५१ मतांनी निवडून आले. पक्षाचे बहुतेक ज्येष्ठ नेते पराभूत झाल्याने त्यांच्यावर मोठी जबाबदारी आली आणि १९३५ मध्ये ते पक्षाचे नेते झाले. मितभाषी, किरकोळ अंगकाठीच्या आणि वक्तृत्वाची छाप नसलेल्या या माणसाकडे नेतृत्व फार काळ टिकणार नाही, असे अनेकांना वाटत होते. प्रत्यक्षात ते वीस वर्षे त्या पदावर राहिले.

दुसऱ्या महायुद्धात विन्स्टन चर्चिल यांच्या संयुक्त मंत्रिमंडळात ते १९४० पासून होते आणि १९४२ मध्ये उपपंतप्रधान झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर छोडो भारत ठराव झाल्यानंतर महात्मा गांधी आणि काँग्रेस नेत्यांना अटक झाली. चर्चिल परदेशी असल्याने या कारवाईला मान्यता देणाऱ्या युद्ध मंत्रिमंडळाचे अध्यक्षस्थान ॲटली यांच्याकडे होते. भारताला स्वशासन मिळावे, पण युद्ध सुरू असताना नव्हे, अशी त्यांची त्या काळातील भूमिका होती. त्यांच्या जीवनकार्याचे मूल्यमापन करताना ही बाब दृष्टीआड करता येत नाही.

युरोपमधील युद्ध संपल्यावर जुलै १९४५ मध्ये निवडणूक झाली. युद्ध जिंकून देणारे चर्चिल सहज विजयी होतील, असा सर्वसाधारण अंदाज होता. ॲटली यांनी मात्र पत्नी व्हायोलेट चालवत असलेल्या लहानशा घरगुती मोटारीतून प्रचार केला. २६ जुलै रोजी निकाल जाहीर झाला आणि ६४० पैकी ३९३ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. रणांगणावरून परतणाऱ्या सैनिकांना आणि कामगारांना युद्धापूर्वीची बेकारी पुन्हा नको होती, हा या कौलाचा अर्थ होता. पोट्सडॅम येथील परिषदेतून चर्चिल निकालासाठी मायदेशी परतले होते. त्यांच्या जागी पंतप्रधान म्हणून ॲटली परिषदेला गेले.

नव्या सरकारची तिजोरी रिकामी होती आणि अमेरिकेकडून कर्ज घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. तरीही सरकारने आपला कार्यक्रम नेटाने राबवला. १९४६ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे, १९४७ च्या प्रारंभी कोळसा खाणींचे आणि १९४८ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. बेकारी, आजारपण आणि वार्धक्यासाठी राष्ट्रीय विमा योजना लागू झाली. ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या प्रयत्नांतून राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि प्रत्येक नागरिकाला विनामूल्य उपचार मिळू लागले. भारतातही याच सुमारास असा विचार सुरू होता. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला होता आणि त्यातून १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा साकारला.

भारताच्या प्रश्नावर ॲटली यांनी स्वतः लक्ष घातले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौसैनिकांचा उठाव सुरू झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्रिमंत्री शिष्टमंडळ भारतात पाठवण्याचा आधीच घेतलेला निर्णय लंडनमध्ये जाहीर झाला. या शिष्टमंडळाच्या योजनेवर काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचे एकमत टिकले नाही. त्यानंतर २० फेब्रुवारी १९४७ रोजी ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत सत्ता सोडण्याचे जाहीर केले आणि लॉर्ड माउंटबॅटन यांना व्हाइसरॉय म्हणून पाठवले. माउंटबॅटन यांनी ही मुदत १५ ऑगस्ट १९४७ वर आणली. ब्रिटिश मंत्रिमंडळाने त्यास संमती दिली. १८ जुलै रोजी स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली.

या घाईची किंमत मोठी होती. पंजाब आणि बंगालची सीमा स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी प्रसिद्ध झाली. फाळणीच्या हिंसाचारात लाखो लोक मृत्युमुखी पडले, तर कोट्यवधी निर्वासित झाले. कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता संपुष्टात आली, पण त्यांच्या भवितव्याचा निर्णय संस्थानिकांवर सोडला गेला. जयपूर, बडोदे यांसारख्या संस्थानांचे प्रतिनिधी एप्रिल १९४७ मध्येच संविधान सभेत दाखल झाले होते. हैदराबादच्या निजामाने मात्र विलीनीकरण नाकारले. त्यामुळे मराठवाड्यातील जनतेला स्वातंत्र्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत लढा द्यावा लागला. सत्ता अधिक काळ राखली असती तर रक्तपात टळला असता की वाढला असता, याविषयी इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत.

ब्रिटनमध्येही सरकारपुढील अडचणी वाढत गेल्या. १९४७ चा कडक हिवाळा, कोळशाची टंचाई आणि शिधावाटप यांनी जनता त्रस्त झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन करावे लागले आणि भारतालाही रुपयाचे मूल्य कमी करावे लागले. १९५० च्या निवडणुकीत मजूर पक्षाला अवघ्या पाच जागांचे बहुमत मिळाले. कोरियातील युद्धामुळे संरक्षण खर्च वाढला. तो भागवण्यासाठी दंतोपचार आणि चष्म्यांवर शुल्क आकारण्याचे ठरताच बेव्हन यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबर १९५१ मध्ये मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा अधिक मते मिळूनही जागा कमी मिळाल्या आणि ॲटली यांची सत्ता गेली.

१९५५ मध्ये त्यांनी पक्षाचे नेतृत्व सोडले आणि त्यांना उमराव पद देण्यात आले. ८ ऑक्टोबर १९६७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे हॅरोल्ड विल्सन, जेम्स कॅलहॅन, टोनी ब्लेअर आणि गॉर्डन ब्राऊन यांनी मजूर सरकारांचे नेतृत्व केले. जुलै २०२४ मध्ये चौदा वर्षांच्या खंडानंतर हा पक्ष पुन्हा सत्तेवर आला. ॲटली यांनी राष्ट्रीयीकरण केलेले बहुतेक उद्योग १९८० आणि १९९० च्या दशकांत खासगी क्षेत्राकडे गेले. आरोग्य सेवेचे विसर्जन करण्याचे धाडस मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारने केले नाही. काळ्या निशाणांनी ज्यांचे स्वागत झाले, त्याच ॲटली यांच्या कारकिर्दीत भारतावरील ब्रिटिश सत्तेचा शेवट झाला. त्या निर्णयाचे श्रेय आणि त्यातील घाईचा दोष, या दोन्हींची नोंद त्यांच्या नावावर आहे.