कबुतराची गोष्ट आणि एडवर्ड पोकॉक



चरित्र म्हटलं की आपण शास्त्रज्ञ, समाजसुधारक, संत यांच्याबद्दल लिहितो. आज एका भाषाशिक्षकाबद्दल लिहिणार आहे. एडवर्ड पोकॉक हे सतराव्या शतकातले इंग्लंडमधले अरबी भाषेचे सर्वात मोठे पंडित. अरबी शिकणाऱ्यांना त्यांचं नाव अजूनही माहीत असतं, आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र ते येत नाही. दुसऱ्याच्या धर्माबद्दल काही सांगताना ते कुठून घेतलं, कोणत्या ग्रंथात आहे, हे विचारण्याची सवय त्या काळात फार थोड्यांना होती. पोकॉक त्या थोड्यांपैकी एक होते.

पोकॉक यांचा जन्म ८ नोव्हेंबर १६०४ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील चर्चचे धर्मगुरू होते. मुलगा भाषांमध्ये हुशार निघाला. लॅटिन, ग्रीक, हिब्रू हे तेव्हाचे नेहमीचे विषय, पण याला अरबीची ओढ लागली. आता गंमत बघा, तेव्हा ऑक्सफर्डमध्ये अरबीचा कायमचा शिक्षकच नव्हता. जर्मनीतून आलेले मॅथियास पासोर नावाचे एक विद्वान काही दिवस शिकवत होते, त्यांच्याकडे पोकॉक बसले. पुढे विल्यम बेडवेल यांच्याकडे शिकले. चांगला शब्दकोश हाताशी नाही, छापील पुस्तकं बोटांवर मोजण्याएवढी. इतक्या तुटपुंज्या साधनांवर हा मुलगा अरबी शिकला.

१६३० मध्ये त्यांना सीरियातल्या अलेप्पो शहरात नोकरी मिळाली. तिथं इंग्रज व्यापाऱ्यांची वखार होती आणि त्या व्यापाऱ्यांसाठी एक धर्मगुरू लागायचा. अलेप्पो तेव्हा उस्मानी तुर्कांच्या राज्यात होतं. पोकॉक तिथं जवळजवळ सहा वर्षं राहिले. नेमलेलं काम करून घरी बसले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण त्यांनी फतहुल्ला नावाच्या एका शेखांकडे शिकवणी लावली. ख्रिस्ती धर्मगुरू रोज एका मुसलमान गुरूंसमोर विद्यार्थी म्हणून बसतोय, हे चित्र मला फार आवडतं. १६३४ मध्ये शहरात प्लेग आला, व्यापारी डोंगराकडे पळाले, पोकॉक मात्र शहरातच राहिले. या वर्षांत त्यांनी भरपूर हस्तलिखितं जमवली. काही विकत घेतली, काही नकलून घेतली.

विद्यापीठात तेव्हा आर्चबिशप विल्यम लॉड यांचं वजन होतं. त्यांनी स्वतःच्या पैशांतून अरबीचं अध्यापकपद सुरू केलं आणि १६३६ मध्ये पोकॉक यांना तिथं नेमलं. ऑक्सफर्डचे ते पहिले अरबी प्राध्यापक. त्यांनी पहिली व्याख्यानं कशावर दिली असतील? हजरत अली यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सुवचनांवर. पुढच्याच वर्षी आणखी हस्तलिखितांसाठी ते कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला गेले आणि १६४० पर्यंत तिथं राहिले.

परत येताना ते पॅरिसमध्ये थांबले. ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो प्रसंग इथला आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

पॅरिसमध्ये तेव्हा ह्यूगो ग्रोटियस राहत होते. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या संदर्भात हे नाव ऐकलं असेल. ते मूळचे डच. देशातल्या राजकीय आणि धार्मिक भांडणात त्यांना जन्मठेप झाली होती. तुरुंगात त्यांना पुस्तकांची पेटी येत-जात असे. १६२१ मध्ये बायकोने युक्ती केली, त्यांना त्याच पेटीत बसवलं आणि शिपायांनीच ती उचलून बाहेर नेली. त्याआधी तुरुंगातच त्यांनी ख्रिस्ती धर्म खरा कसा हे पटवून देणारं पुस्तक डच पद्यात लिहिलं होतं. लांबच्या सफरींवर जाणाऱ्या डच खलाशांना परधर्मीय लोक भेटतात, त्यांच्याशी बोलताना उपयोग व्हावा हा हेतू. १६२७ मध्ये ते लॅटिनमध्ये आलं आणि युरोपभर वाचलं गेलं. त्याचा सहावा भाग इस्लामबद्दल होता.

त्या भागात एक कबुतर होतं.

गोष्ट अशी होती. हजरत मुहम्मद पैगंबरांनी म्हणे एक कबुतर पाळलं होतं, ते त्यांच्या कानातले दाणे टिपायला यायचं आणि लोकांना मात्र सांगितलं जायचं की हा देवाचा दूत संदेश घेऊन आला आहे. ही गोष्ट युरोपात शेकडो वर्षं फिरत होती. शेक्सपिअरच्या एका नाटकातसुद्धा तिचा ओझरता उल्लेख आहे. इतक्या लोकांनी लिहिली म्हणजे खरी असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. ग्रोटियस यांच्यासारख्या विद्वानानेही धरलं.

पोकॉक यांना हे पुस्तक अरबीत आणायचं होतं. त्यांना पुस्तक आवडलं होतं, आणि मुसलमान वाचकांनी ते वाचावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती. हे लपवण्यात अर्थ नाही. ते धर्मप्रसारासाठीच भाषांतर करत होते, तटस्थ वगैरे काही नव्हते. पण अलेप्पो आणि इस्तंबूलमध्ये वर्षानुवर्षं अरबी ग्रंथ वाचून, माणसांत राहून त्यांना हे कबुतर कुठेच भेटलं नव्हतं. म्हणून त्यांनी ग्रोटियस यांना सरळ विचारलं की ही गोष्ट मुसलमानांच्या कोणत्या ग्रंथात आहे.

ग्रोटियस यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मुसलमानांच्या कोणत्याही ग्रंथातून त्यांनी ती घेतलेली नाही. ती आपल्याच, म्हणजे ख्रिस्ती लेखकांकडून आलेली आहे. पुस्तकात जे चुकीचं वाटेल ते भाषांतरात बदलायची किंवा गाळायची मोकळीकही त्यांनी पोकॉक यांना दिली. एवढ्या मोठ्या नावाजलेल्या माणसाने तिशीतल्या एका शिक्षकाचं ऐकलं, हे ग्रोटियस यांचं मोठेपण म्हणायला हवं.

मला यातली पद्धत महत्त्वाची वाटते. अ ने ब च्या आधारावर लिहिलं, ब ने क च्या, आणि क ने कुणीतरी सांगितलेलं लिहिलं. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना मात्र कुणीच विचारलं नाही. आपल्या व्हॉट्सअॅपच्या गटांत रोज काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

कुराणाचंही तसंच झालं होतं. ११४३ मध्ये रॉबर्ट ऑफ केटन यांनी स्पेनमध्ये कुराणाचं पहिलं संपूर्ण लॅटिन भाषांतर केलं. ते शब्दाला शब्द नव्हतं, बराचसा भावार्थ आपल्या शब्दांत मांडलेला होता. १५४३ मध्ये बासेल शहरात ते छापलं गेलं. म्हणजे चारशे वर्षं युरोपातले अनेक वादपटू कुराणात असं लिहिलंय म्हणून जे सांगत होते ते या भावार्थावरून. १६४९ मध्ये इंग्रजी कुराण निघालं, तेही अरबीवरून नाही, फ्रेंच भाषांतरावरून केलेलं.

ही खोड एकाच बाजूची असते असं कुणी समजू नये. आपल्या देशातलं उदाहरण घ्या. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी फांडर यांचा जाहीर वादविवाद झाला. नंतर त्याचे वृत्तान्त छापले गेले, आणि समोरच्याने आमचं म्हणणं नीट मांडलं नाही यावरून पुन्हा वाद झाला. माणसं जिवंत, साक्षीदार हजर, तरी ही गत. मग हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टींचं काय होत असेल!

पोकॉक इंग्लंडला परतले तेव्हा सगळं बदललं होतं. आश्रयदाते लॉड लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होते. ग्रोटियस यांनी पोकॉक यांच्यामार्फत लॉड यांना निरोप पाठवला होता की मी पळालो तसे तुम्हीही पळा. पोकॉक यांनी टॉवरमध्ये जाऊन तो पोचवला. म्हाताऱ्या लॉड यांनी नकार दिला. जानेवारी १६४५ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला.

यादवी युद्धाचा तो काळ होता. पोकॉक यांचा पगार मधेच बंद झाला, मग जॉन सेल्डन यांच्यासारख्यांनी खटपट करून पुन्हा सुरू केला. चाइल्ड्री नावाच्या गावात ते धर्मगुरू म्हणून राहू लागले. तिथली एक गोष्ट सांगतात. कुणा पाहुण्याने गावकऱ्याला विचारलं की तुमचे धर्मगुरू कसे आहेत. गावकऱ्याने सांगितलं की माणूस साधा, सज्जन आहे, पण लॅटिन काही येत नाही बिचाऱ्याला! कारण पोकॉक प्रवचनात विद्वत्ता झाडतच नसत. १६५५ मध्ये तर ते अपात्र आणि अडाणी आहेत म्हणून गावातून काढायचा घाट सरकारी अधिकाऱ्यांनी घातला. मग ऑक्सफर्डहून जॉन ओवेन आणि त्यांच्याबरोबर गणितज्ञ जॉन वॉलिस वगैरे मंडळी आली. ज्याच्याकडे युरोपातले पंडित शिकायला येतात त्याला अडाणी ठरवलंत तर जगात हसं होईल, असं त्यांनी समजावलं, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

याच धामधुमीत १६५० मध्ये त्यांचं मुख्य पुस्तक आलं. त्याचं लॅटिन नाव लांबलचक आहे, अर्थ साधारण अरबांच्या इतिहासाचा नमुना असा. तेराव्या शतकातले सीरियन ख्रिस्ती लेखक अबुल फरज यांच्या इतिहासातला छोटासा उतारा त्यात मूळ अरबीत आणि लॅटिनमध्ये दिलाय. खरा ऐवज आहे तो टिपांमध्ये. उतारा थोड्या पानांचा आणि टिपा शेकडो पानांच्या. मुसलमान काय मानतात हे सांगायचं तर अल-गझाली, शहरस्तानी यांच्यासारख्या त्यांच्याच ग्रंथकारांकडे जायचं, आणि कुणाचं मत आहे ते नावानिशी सांगायचं, असा त्यांचा रिवाज. आज हे आपल्याला साधं वाटतं, तेव्हा ते नवीन होतं.

कबुतराची हकीकतही त्यांनी याच टिपांत लिहून ठेवली, ग्रोटियस यांच्याशी झालेल्या बोलण्यासकट. अशीच दुसरी एक कथा युरोपात होती, पैगंबरांची लोखंडी पेटी लोहचुंबकांच्या ओढीने मधल्यामधे तरंगते अशी. पैगंबरांची कबर मदिनेत आहे, जमिनीत आहे. ही कथा आपल्या लोकांच्या तोंडून ऐकली की मुसलमान हसतात, अशी नोंद पोकॉक यांनी केली. आपण खोटा आधार दिला की आपली खरी बाजूही कुणी ऐकत नाही, ही भीती त्यांच्या लिहिण्यात जाणवते.

ग्रोटियस यांच्या पुस्तकाचं अरबी भाषांतर अखेर १६६० मध्ये छापून झालं. छपाईचा खर्च रॉबर्ट बॉइल यांनी केला. हो, विज्ञानात आपण बॉइलचा नियम शिकवतो तेच बॉइल. या अरबी पुस्तकात कबुतर नव्हतं.

इथं मला एक गोष्ट खटकते, तीही सांगते. अरबी वाचकासमोर खोटं जाऊ नये म्हणून कबुतर गाळलं, पण लॅटिन पुस्तकात ते राहिलंच. ज्याला फसवणं शक्य नव्हतं त्याच्यासाठी दुरुस्ती झाली, आणि जो सहज फसला असता त्याला जुनंच वाचायला मिळालं. यात पोकॉक यांचा दोष किती? लॅटिन पुस्तक त्यांचं नव्हतं. ग्रोटियस १६४५ मध्येच वारले होते. पोकॉक यांनी आपल्या टिपांत, लॅटिनमध्येच, दहा वर्षं आधी खरं काय ते छापलंही होतं. ज्याला शोधायचं होतं त्याला ते सापडत होतं. पण खंडनाच्या टिपा किती जण वाचतात आणि चटकदार गोष्ट किती जण, हे आपण शिक्षक चांगलंच जाणतो.

पुढची तीस वर्षं त्यांनी ऑक्सफर्डमध्ये शांतपणे शिकवण्यात आणि लिहिण्यात घालवली. त्यांच्या मुलाने, त्याचंही नाव एडवर्ड, इब्न तुफैल यांची ओसाड बेटावर एकट्या वाढलेल्या मुलाची कथा १६७१ मध्ये लॅटिनमध्ये आणली, ती युरोपात खूप गाजली. तत्त्वज्ञ जॉन लॉक ऑक्सफर्डमध्ये पोकॉक यांना ओळखत. पोकॉक माहीत असलेल्या विषयावरही शिकाऊ माणसासारखे गप्प बसून ऐकत, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली. अलेप्पोहून रॉबर्ट हंटिंग्टन या धर्मगुरूंनी त्यांना कळवलं होतं की म्हातारे शेख फतहुल्ला शेवटपर्यंत त्यांची चौकशी करत होते, आणि स्वर्गात ईसांच्या निशाणाखाली आपल्या या विद्यार्थ्याची भेट होणारच, अशी खात्री बाळगून ते गेले. ईसा म्हणजे येशू, मुसलमानांनाही पैगंबर म्हणून पूज्य. पोकॉक यांनी त्या शेखांना कधी आपल्या धर्मात आणलं नाही आणि शेखांनीही त्यांना आणलं नाही.

१० सप्टेंबर १६९१ रोजी पोकॉक वारले. त्यांची चारशेहून अधिक हस्तलिखितं दोन वर्षांनी बोडलियन ग्रंथालयाने ६०० पौंडांना विकत घेतली. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चच्या बागेत त्यांनी लावलेलं म्हणून सांगतात ते अंजिराचं झाड अजून आहे.

आणि कबुतर? १७८८ मध्ये इतिहासकार एडवर्ड गिबन यांनी रोमन साम्राज्याच्या इतिहासात पैगंबरांवरचं प्रकरण छापलं, तेव्हा एका तळटीपेत पोकॉक आणि ग्रोटियस यांचा हा किस्सा दिला. अरबीत ती गोष्ट गाळली आहे, पण ग्रोटियस यांच्या पुस्तकाच्या लॅटिन आवृत्त्यांमध्ये अजून तशीच आहे, हेही त्यांनी तिथं नोंदवलं. पोकॉक यांच्या टिपा छापून तेव्हा एकशे अडतीस वर्षं झाली होती.