रखमाबाईंचा नकार

माझ्या आजीचे लग्न तेराव्या वर्षी झाले. ती माणला नांदायला आली तेव्हा तिला भाकरीसुद्धा नीट थापता येत नव्हती. लग्नाआधी तुला कोणी विचारले होते का, असे मी तिला एकदा विचारले. पण तिला माझा प्रश्नच कळला नाही. पुढे ग्रंथालयात डॉ. रखमाबाईंविषयी वाचताना तोच प्रश्न पुन्हा समोर आला.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील लवकर वारले. सुतार समाजात पुनर्विवाहाला मुभा असल्याने आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे सावत्र वडील मोठे विद्वान आणि मुलीवर जीव लावणारे. तरीही अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागलेच! नवरदेव तेव्हा एकोणीस वर्षांचा, म्हणजे आज मी आहे त्याच वयाचा. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि घरी बसून पुस्तके वाचून शहाण्या झाल्या.

१८८४ साली दादाजींनी बायकोने नांदायला यावे म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. नवऱ्याची गरिबी आणि त्याची प्रकृती हेही मुद्दे कोर्टात निघाले. परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो एकच. अजाण वयात, संमतीवाचून लागलेले लग्न रखमाबाईंना मान्य नव्हते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. पुढे अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला! वय अवघे बावीस.

लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून त्यांच्याविरुद्ध लेखणी चालवली, हे वाचून मी क्षणभर थबकले. शाळेत दर वर्षी एक ऑगस्टला मी त्यांच्यावर भाषण करीत असे.

१८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि तुरुंग टळला. पुढच्याच वर्षी रखमाबाई वैद्यकीच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या. त्या तिकडे शिकत असताना, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा होऊन मुलींचे वय दहावरून बारावर गेले. परत आल्यावर त्यांनी सुरत आणि राजकोट येथे वर्षानुवर्षे स्त्रियांवर उपचार केले.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या. त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्यात वधूचे वय पंधरा ठरले. मात्र जोडीदाराला नांदायला बोलावण्याचा दावाही त्यात कायम राहिला. आजीचे लग्न या कायद्यानंतरचे. पंधरा वर्षांची ही अट आमच्या गावात कोणाच्या कानी होती, कोण जाणे!

आता अट अठराची आहे. दहावीत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. तिचे वय सोळा होते. लग्नाची गोष्ट वर्गात सर्वांना ठाऊक होती, अठराचा नियमही ठाऊक होता. कोणी बोलले नाही. मीही नाही.

रखमाबाईंची सगळी हकीकत मी आजीला सांगितली. तिने कोर्टाविषयी काहीच विचारले नाही. त्या पोरीची आई तिच्या बाजूने होती का, एवढेच तिला हवे होते.