थोरले काका हो ची मिन्ह

व्हिएतनामी भाषेत ‘बाक’ म्हणजे वडिलांचा मोठा भाऊ, आपले थोरले काका. लोक आपल्या राष्ट्राध्यक्षांना याच नात्याने हाक मारत. हो ची मिन्ह यांचे चरित्र वाचताना मला या हाकेचेच सर्वांत जास्त नवल वाटले.

त्यांचा जन्म १८९० चा, न्घे आन प्रांतातला. १९११ मध्ये ते सायगावहून एका फ्रेंच जहाजावर स्वयंपाकघरातील मदतनीस म्हणून निघाले आणि मायदेशी परतले ते तीस वर्षांनी, १९४१ मध्ये. पुढच्याच वर्षी त्यांना चीनमध्ये अटक झाली. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलवले जात असताना त्यांनी शंभराहून अधिक छोट्या कविता लिहिल्या. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे जनरल व्हो न्गुयेन झ्याप यांच्या सैन्याने फ्रेंचांचा पराभव केला.

फ्रेंच गव्हर्नर-जनरलच्या वाड्यात राहायला त्यांनी नकार दिला. १९५८ मध्ये त्याच आवारात त्यांच्यासाठी खांबांवर उभे असे साधे लाकडी घर बांधले गेले. त्यांच्या पायांत जुन्या टायरच्या रबराच्या चपला असत. मात्र त्यांच्या राजवटीत सगळे चांगलेच घडले असे नाही. जमीन-सुधारणेच्या मोहिमेत निरपराध माणसेही मारली गेली आणि १९५६ मध्ये सरकारला चुका कबूल कराव्या लागल्या. चरित्रातले हे पानही वाचलेच पाहिजे.

२ सप्टेंबर १९६९ रोजी, म्हणजे नेमके राष्ट्रीय दिनीच, त्यांचे निधन झाले. सरकारने ३ तारीख जाहीर केली. खरी तारीख वीस वर्षांनी सांगितली. कवी तो हू हे त्यांचे सहकारी आणि पक्षाचे मोठे पुढारी. त्यांनी त्याच महिन्यात शोककविता लिहिली. तिच्यात मोठ्या पदाचा थाट नाही. कवी त्या लाकडी घरापाशी आणि बागेत जातो, तिथले रिकामेपण पाहतो.

तेव्हा दक्षिणेत युद्ध पेटलेले होते. तिथल्या अनेकांना अंत्यदर्शन घेता आले नाही. दक्षिणेचे कवी व्हिएन फुओंग युद्ध संपल्यावर, १९७६ मध्ये, हनोईच्या समाधीस्थळी गेले. त्यांच्या कवितेत ते सरकारी पाहुणे नाहीत, उशिरा घरी पोहोचलेले लेकरू आहेत. त्या कवितेचे पुढे गाणे झाले आणि ती तिथल्या शाळांत शिकवली गेली.

एक गोष्ट मात्र मला खटकते. मृत्युपत्रात हो ची मिन्ह यांनी आपल्या देहाचे दहन करावे, असे लिहून ठेवले होते. मागे राहिलेल्यांनी देह जतन केला आणि त्यावर भव्य इमारत उभारली. ती १९७५ मध्ये खुली झाली. प्रेमापोटीच, पण त्यांची शेवटची इच्छा मोडली गेली. त्या मानाने मला या कविता त्यांच्या स्वभावाला अधिक जवळच्या वाटतात. त्यांना दगड लागला नाही, एक नाते पुरले.

आम्ही कॅडेट हुद्द्याला सलाम करायला शिकतो, आणि शिस्तीसाठी ते आवश्यकच आहे. पण ‘थोरले काका’ ही हाक कोणत्याही हुकमाने मिळवता येत नाही. ती आपल्या हाताखालच्या माणसांसारखे राहून कमवावी लागते.