पंडिता रमाबाई आणि दहा वर्षांचे वचन

म्हैसूरच्या राजदरबारी पंडित म्हणून मान मिळविलेले अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरकडचे चित्पावन. तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत असता, आपले गुरुजी पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पाहिले आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावयाचे, असा निश्चय केला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत तो सिद्धीस गेला नाही. पुढे उतारवयात दुसरा विवाह झाला. नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंस शास्त्रीबोवांनी अक्षरओळख करून देताच आप्तांचा रोष ओढवला. तेव्हा पत्नीला घेऊन ते पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती यांच्या उगमाच्या त्या परिसरात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

स्त्रीशिक्षणासाठी खर्च करावयास एक माणूस तयार झाला, म्हणजे काय होते, हे रमाबाईंनी प्रथम आपल्या घरातच पाहिले. आईने पहाटे मुलीला उठवून संस्कृत पढवावे, हा त्या आश्रमातील नेम होता. परंतु अतिथी आणि विद्यार्थी यांच्या सरबराईत शास्त्रीबोवांची पुंजी सरली, कर्ज झाले आणि कुटुंब पुराणे सांगत तीर्थाटनास निघाले. ही भ्रमंती अनेक वर्षे चालली. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला असता अल्प काळात वडील, आई आणि थोरली बहीण यांना मृत्यूने गाठले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास एवढेच उरले.

हे भावंड पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि वीस वर्षांच्या त्या मुलीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. यानंतरची चार वर्षे मात्र आघातांची. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर तान्ही मुलगी, अशा स्थितीत रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार केल्या पाहिजेत, अशी मागणी केली. वैद्यक शिकावे म्हणून त्यांनी इंग्लंडला जाण्याचे ठरविले, तेव्हा प्रवासखर्चासाठी कोणापुढे पदर पसरला नाही. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून तिकिटाचे पैसे उभे केले. पुढील साऱ्या आयुष्यातील व्यवहाराची किल्ली या लहानशा गोष्टीत आहे.

इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकाचा बेत सोडावा लागला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. तो समारंभ ११ मार्चला झाला. काही आठवड्यांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. बालोद्यानाची फ्रोबेल पद्धती त्यांनी तेथे अभ्यासली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७ मध्ये निघालेल्या या पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या आणि तो पैसा भावी शाळेसाठी बाजूला पडला.

त्याच वर्षी १३ डिसेंबरला बोस्टन येथे ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. दहा वर्षे शाळेचा खर्च चालवू, असे वचन तिने दिले. हा निधी एखाद्या धनाढ्याने दिलेला नव्हता. गावोगाव ‘रमाबाई मंडळे’ निघाली आणि त्यांतील सामान्य स्त्रिया वर्षाकाठी एखाद-दुसरा डॉलर वर्गणी देऊ लागल्या. ज्या देशात त्या वेळी स्त्रियांना स्वतःला बहुतेक ठिकाणी मताधिकार नव्हता, तेथील गृहिणींनी आपल्या घरखर्चातून महाराष्ट्रातील बालविधवांसाठी पैसा काढावा, ही घटना आजही थांबून पाहण्याजोगी आहे. अट एकच होती, आणि ती रमाबाईंनाही मान्य होती: शाळेत कोणत्याही धर्माचा प्रसार होणार नाही, मुलींनी आपापला आचार पाळावा.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही तरुण विधवा होती. चार वर्षांनी, पुन्हा ११ मार्चलाच, तिचा प्रा. धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला! आनंदीबाईंची पदवी, शारदा सदन आणि हा विवाह, अशा तीन घटना एका तिथीस जुळून याव्यात, हा योगायोग शाळेच्या दिनदर्शिकेत नोंदविण्याजोगा आहे.

१८९० मध्ये सदन पुण्यास आले. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी मंडळी त्याच्या सल्लागार समितीत होती. परंतु रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसत. यावरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. मुलीला बोलावणे आणि आलेल्या मुलीला न हाकलणे यांत अंतर आहे, अशी रमाबाईंची भूमिका होती. ती खोटी नव्हती. पण मायेच्या भुकेल्या मुलींवर शिक्षिकेच्या वागण्याचा केवढा प्रभाव पडतो, हे पालकांचे भयही अगदीच निराधार म्हणता येणार नाही. १८९३ मध्ये सल्लागारांनी संबंध सोडला आणि पंचवीसेक मुलींना पालकांनी काढून नेले. ज्यांची नावे समाजसुधारणेच्या इतिहासात आदराने घेतली जातात, ती माणसे दोन्ही बाजूंस होती. बोस्टनच्या मंडळाने मात्र हात आखडता घेतला नाही.

तरी दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणारच होती. वर्गणीवर चाललेली संस्था वर्गणी थांबताच उभी राहील का, हा प्रश्न रमाबाईंनी मुदत संपण्याची वाट न पाहता आधीच हाती घेतला. पुण्याच्या पूर्वेस, लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदविल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा हेतू. झाडे फळास येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. वीस वर्षांपूर्वी स्वतः अन्नावाचून भटकलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो निराधार मुली घेऊन परतल्या. शारदा सदनाचा हिशेब पन्नास-साठ मुलींचा. बागेत झोपड्या उभारून या साऱ्यांची सोय करावी लागली. त्यातून ‘मुक्ती’ हे वसतिस्थान उभे राहिले. येथे ख्रिस्ती धर्म उघडपणे शिकविला जाई, आणि शारदा सदनाच्या काळातील काही हितचिंतक त्यामुळे कायमचे दुरावले.

१९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर मुक्तीतील मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शिवण, तेलघाणा, दुग्धालय, शेती ही कामे मुलीच करीत. छापखान्यातील खिळे जुळविणाऱ्याही त्याच. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचा वर्ग सुरू केला. त्यांच्याच साहाय्याने १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्यास शाळा निघाली. शेवटच्या पर्वात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या आणि आठ-नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. तोवर गोदूबाई, आता आनंदीबाई कर्वे, हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करीत होत्या.