ताराबाई शिंदे

ताराबाई शिंदे (सुमारे इ.स. १८५० – सुमारे इ.स. १९१०) या १९ व्या शतकातील मराठी लेखिका होत. १८८२ साली पुण्यात छापलेला ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा त्यांचा एकमेव उपलब्ध ग्रंथ. विद्यापीठांतील स्त्री-अभ्यास या ज्ञानशाखेत तो आज आवर्जून अभ्यासला जातो.

जीवन

ताराबाईंचा जन्म वऱ्हाडातील बुलढाणा येथे एका मराठा कुटुंबात झाला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीस होते व सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. मुलींच्या शाळा दुर्मीळ असलेल्या त्या काळात त्यांनी कन्येला घरीच शिकविले. ताराबाईंचा विवाह घरजावई पद्धतीने झाला. त्यांना अपत्य नव्हते.

स्त्रीपुरुषतुलना

१८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. पुनर्विवाहास बंदी आणि बदनामीचे भय यांमुळे हे घडले, याकडे दुर्लक्ष करून ‘पुणेवैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर टीका केली. ताराबाईंनी त्यास उत्तर म्हणून हा निबंध लिहिला. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण एकेक घेऊन ते पुरुषांत किती अधिक आहेत, हे त्या दाखवितात. पत्नी वारताच पुरुष दुसरा विवाह करतो, विधवेचे मात्र केशवपन होते, ही विषमता त्यांनी धर्मशास्त्रापर्यंत नेऊन तपासली. समकालीन नाटके-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणही त्यांच्या टीकेतून सुटले नाही. केवळ सभांतून बोलणाऱ्या सुधारकांनाही त्या सोडत नाहीत. भाषा घरगुती, धारदार व प्रसंगी शिवराळ आहे. ग्रंथाचे बळ बव्हंशी त्यातच आहे.

पुस्तकावर कडाडून टीका झाली, तीही काही सत्यशोधकांकडून. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. यानंतर त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही.

पुनर्शोध

१९७५ साली स. गं. मालशे यांनी हा ग्रंथ पुन्हा प्रकाशात आणला. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले होते. नव्या शाखेला भारतीय परंपरेतील वैचारिक लेखन हवे होते आणि ते वऱ्हाडातील एका विस्मृत लेखिकेच्या रूपाने मराठीत सापडले. १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाल्यावर परदेशांतही त्याचा अभ्यास होऊ लागला. भारतातील पहिले स्त्रीवादी लेखन असा त्याचा उल्लेख वारंवार होतो. तथापि फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता या मातंग विद्यार्थिनीचा, मांग-महारांच्या व त्यांतील स्त्रियांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ सालीच ‘ज्ञानोदय’मध्ये आला होता. त्यामुळे ‘पहिले’ हे विशेषण जपूनच वापरावे लागते.