विश्लेषण : गाडीचा परवाना नसलेल्या माणसाने इंजिनातून पिस्टनच काढून टाकला… कोण होते फेलिक्स वांकेल?

पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, तरीही इंजिन चालते. वांकेल यांच्या रोटरी इंजिनाने ल मान्सची शर्यत जिंकली आणि ते महाराष्ट्रातही पोहोचले. मग ते घरोघरच्या गाड्यांत का आले नाही?

रेवसहून भाऊच्या धक्क्याला निघालेली लाँच असो, थळ-वरसोलीची मासेमारी होडी असो, की अलिबागच्या रस्त्यावरची मोटरसायकल, त्यांच्या इंजिनाचे तत्त्व एकच. सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्ट त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करतो. लाँचच्या बाकावर बसल्यावर पायाखाली जी धडधड जाणवते, तिचे एक मोठे कारण हीच वर-खाली धावपळ. ती नकोच, इंजिनाच्या आतला भागही चाकासारखा गोल फिरला पाहिजे, हा ध्यास जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांनी आयुष्यभर बाळगला.

वांकेल यांचे शिक्षण किती?

वांकेल यांचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ रोजी जर्मनीतील लार या गावी झाला. वडील वनखात्यात होते. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच त्यांचा मृत्यू झाला. घरची स्थिती बेताची, त्यामुळे १९२१ मध्ये फेलिक्स यांनी शाळेची अंतिम परीक्षा न देताच शिक्षण सोडले. ते ना महाविद्यालयात गेले, ना त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली. हायडेलबर्गच्या एका प्रकाशन संस्थेत ते नोकरीला लागले आणि १९२४ मध्ये मित्रांच्या साथीने त्यांनी छोटे वर्कशॉप थाटले. दृष्टी फारच अधू होती. मोटारींचे इंजिन बदलायला निघालेल्या या माणसाने गाडी चालवण्याचा परवाना कधीच घेतला नाही. गोल फिरणाऱ्या इंजिनाचे पहिले पेटंट त्यांना १९२९ मध्ये मिळाले.

नाझी राजवटीशी त्यांचा संबंध काय?

वांकेल यांच्या चरित्रातील ही काळी बाजू आहे आणि ती वगळून त्यांची गोष्ट सांगता येत नाही. विशीतच ते हिटलरच्या पक्षात दाखल झाले. बाडेन प्रांतातील पक्षप्रमुख रॉबर्ट वाग्नर यांच्याशी बिनसल्यावर ते बाहेर पडले आणि १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच काही महिने तुरुंगात गेले. हिटलरचे आर्थिक सल्लागार विल्हेल्म केपलर यांनी मध्यस्थी करून त्यांना सोडवले.

त्यानंतर मात्र हीच राजवट त्यांची आश्रयदाती झाली. हवाई मंत्रालयाच्या पैशातून १९३६ मध्ये लिंडाऊ येथे त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. विमानांच्या इंजिनांसाठी फिरते व्हॉल्व्ह आणि वायुगळती रोखणारे सील यांवर तिथे काम चाले. १९४० मध्ये त्यांनी एसएस संघटनेत अधिकारीपद स्वीकारले. दोन वर्षांनी तिथूनही त्यांना काढण्यात आले. ज्या सीलच्या ज्ञानावर पुढे त्यांचे इंजिन उभे राहिले, ते युद्धयंत्रणेच्या पैशावर मिळालेले होते. युद्धानंतर फ्रेंचांनी त्यांना अटक केली आणि प्रयोगशाळेतील सामग्री उचलून नेली.

हे इंजिन चालते कसे?

भुईमुगाची जाडसर शेंग जशी मधे किंचित दबलेली असते, तशी इंजिनाच्या आतली पोकळी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. त्याची तिन्ही टोके सतत भिंतीला टेकलेली असतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यात तीन कप्पे तयार होतात आणि रोटर फिरेल तसा प्रत्येक कप्पा लहान-मोठा होत राहतो. इंधन-हवेचे मिश्रण आत येणे, दाबले जाणे, पेटणे आणि धूर बाहेर पडणे ही चारही कामे त्यातून होतात. वायू आत-बाहेर जाण्यासाठी भिंतीतच छिद्रे असतात, म्हणून व्हॉल्व्ह लागत नाहीत.

रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात. म्हणजे एका रोटरमागे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. नेहमीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमागे दर दोन फेऱ्यांनी एक स्फोट होतो. म्हणूनच रोटरी इंजिन आकाराने लहान, वजनाने हलके, तरीही ताकदवान असते. धडधडही नाममात्र.

रस्त्यावर कधी आले?

युद्धानंतर मोटरसायकली बनवणाऱ्या एनएसयू कंपनीने वांकेल यांना हाताशी धरले. १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांचे प्रायोगिक इंजिन पहिल्यांदा सुरू झाले. त्यात रोटरसोबत बाहेरचे कवचही फिरत असे. स्पार्क प्लग बदलायचा, तरी इंजिन खोलावे लागे. मग कंपनीतील अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी कवच स्थिर ठेवणारी सोपी रचना केली. वांकेल यांना ती पसंत नव्हती, पण जगभर चालली ती हीच.

१९६४ मध्ये एनएसयू स्पायडर ही या इंजिनाची पहिली कार विक्रीला आली आणि १९६७ मध्ये देखणी आरओ ८०. युरोपात तिला १९६८ चा ‘कार ऑफ द इयर’ किताब मिळाला.

मग घोडे कुठे अडले?

सीलवर. पिस्टनची रिंग गेली की कॉम्प्रेशन जाते आणि इंजिन ऑइल खाते, हे गॅरेजमधल्या पोऱ्यालाही ठाऊक असते. रोटरी इंजिनात रिंगचे काम रोटरच्या टोकांवरच्या अरुंद पट्ट्या करतात. भिंतीला घासत जाताना त्या झिजतात. त्यातच स्फोट सतत एकाच बाजूला होत असल्याने भिंत एकीकडे तापते, दुसरीकडे थंड राहते. आरओ ८० ची इंजिने लवकर निकामी होऊ लागली. वॉरंटीत ती बदलून देता देता एनएसयू खिळखिळी झाली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगन समूहात विलीन झाली.

१९७३ च्या तेलसंकटाने दुसरा घाव घातला. लांबट कप्प्यात इंधन पूर्ण जळत नसल्याने रोटरी गाड्या पेट्रोल जास्त पीत. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने परवाना घेऊनही हा प्रकल्प गुंडाळला.

माझदा कशी टिकली?

जपानमधील हिरोशिमाच्या या कंपनीत केनिची यामामोटो यांच्या तुकडीने सीलचाच पिच्छा पुरवला. भिंतीवर उमटणारे ओरखडे कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या संमिश्र सीलने आटोक्यात आणले. १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट, १९७८ मध्ये आरएक्स-७ बाजारात आली. १९९१ मध्ये माझदाच्या ७८७बी या चार रोटरच्या गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. यामामोटो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले.

मोटरसायकलींमध्ये जर्मनीची हर्क्युलिस डब्ल्यू-२००० आणि जपानची सुझुकी आरई५ या १९७४ मध्ये आल्या. सुझुकीने दोनच वर्षांत माघार घेतली. ब्रिटनच्या नॉर्टनने मात्र १९९२ मध्ये आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत रोटरी इंजिनावर जिंकली.

महाराष्ट्राशी नाते काय?

अहिल्यानगर येथील व्हीआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था, तसेच बेंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांनी मिळून ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन तयार केले. ‘निशांत’ या मानवरहित विमानाने २००९ मध्ये त्यावर उड्डाण केले. छोट्या विमानात वजन कमी आणि कंप कमी, या दोन्ही गोष्टी मोलाच्या असतात.

वांकेल यांना काय मिळाले?

१९६९ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९७१ मध्ये लोन्रो या ब्रिटिश कंपनीने १० कोटी मार्कला त्यांच्या कंपनीचे हक्क घेतले. प्राण्यांवरील प्रयोगांना त्यांचा विरोध होता, त्यासाठी त्यांनी पुरस्कारही सुरू केला. ९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्गमध्ये त्यांचे निधन झाले.

माझदाने २०२३ मध्ये हे इंजिन एमएक्स-३० या विजेवरच्या गाडीतून परत आणले. तिथे ते चाके फिरवत नाही, फक्त वीज तयार करते. पण रोटरच्या तीन टोकांवरचे सील आजही तिथेच आहेत आणि इंजिनाचे आयुष्य आजही त्यांच्यावरच ठरते.