विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी, इ.स. १७९० – १६ जून, इ.स. १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील लष्करी अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ व निसर्ग अभ्यासक होते. गळाने मासे धरणाऱ्या शौकिनांना ज्याच्या ताकदीचे विशेष आकर्षण असते, त्या दख्खनच्या महासीर माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांनी केले.

जीवन

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. कोवळ्या वयातच ते कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. इ.स. १८१७ च्या खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. पुढे याच प्रदेशाची बारकाईने नोंद त्यांच्या हातून व्हावी, हा इतिहासाचा योगायोगच. इ.स. १८२४ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी वृत्तलेखक नेमले. लोकसंख्या, शेती, हवामान, पशुपक्षी अशा सर्वच विषयांची माहिती त्यांनी गोळा केली. इ.स. १८२९ मध्ये पद रद्द झाल्यावरही ते काम पुरे करूनच इ.स. १८३१ मध्ये मायदेशी परतले. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष व ॲबर्डीनचे खासदार झाले.

दख्खनचे मासे

माशांवरील त्यांचा निबंध इ.स. १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या जातींना त्यांनी अनेकदा स्थानिक नावेच दिली; त्यामुळे खुद्री, नुक्ता, कोलुस हे शब्द आजही जगभरच्या शास्त्रग्रंथांत आढळतात. खुद्री (टोर खुद्री) पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत, तर मुसुल्ला शिरूरजवळ घोड नदीत मिळाला.

यांपैकी मुसुल्ला या नावाने पुढे मोठा घोळ झाला. हा मासा महासीर नव्हे. तरीही कावेरी खोऱ्यातील पाठीला उंचवटा असलेल्या प्रचंड महासीराला हेच नाव चिकटले. इ.स. १९४६ मध्ये त्या खोऱ्यातील काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा (सुमारे ५४ किलो) विक्रमी मासाही याच नावाने नोंदला गेला. दरम्यान लोणावळ्याच्या टाटा केंद्रात वाढवलेले खुद्रीचे बीज कावेरीत सोडण्यात आले. मूळ महासीराच्या ऱ्हासाशी काही अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. त्या माशाची ओळख टोर रेमादेवी म्हणून इ.स. २०१८ मध्ये निश्चित झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला.